ठाणे खाडीकाठच्या मोजणीत उंचीचे आकडे कसे जुळवावेत

पावसाळ्यात वर्तमानपत्रात "आज दुपारी ४.६ मीटर उंचीची भरती" अशी चौकट छापून येते, आणि त्याच दिवशी कोपरखैरण्याच्या एखाद्या गृहसंस्थेचा सचिव जुन्या सर्वेक्षणाच्या नकाशात आपल्या आवाराची पातळी ३.२ मीटर असल्याचे पाहून हादरतो. साधी वजाबाकी केली तर आवारात १.४ मीटर, म्हणजे छातीइतके पाणी चढायला हवे. प्रत्यक्षात त्या दुपारी खाडीचे पाणी आवाराच्या पातळीपेक्षा मीटरभर खालीच राहते. दोन्ही आकडे बरोबर असतात. चूक वजाबाकीत असते, कारण ते दोन आकडे दोन निरनिराळ्या शून्यांपासून मोजलेले असतात. भरतीचा आकडा चार्ट डेटमपासूनचा, म्हणजे नाविक नकाशांच्या शून्यापासूनचा असतो आणि आवाराचा आकडा सरासरी समुद्रसपाटीपासूनचा. मुंबईच्या अपोलो बंदरावर या दोन शून्यांत २.५१ मीटरांचे अंतर आहे.

सिव्हिलची पदविका किंवा पदवी घेऊन नुकतीच लेव्हल हाती घेतलेल्या आणि ठाणे, ऐरोली, वाशी, बेलापूर किंवा उरणच्या बाजूला खाडीकाठचे पहिले काम मिळालेल्या मोजणीदारांसाठी हा लेख आहे. ऑटो लेव्हल लावणे आणि आरएल, म्हणजे ठरलेल्या शून्यापासूनची पातळी, काढणे त्यांना येते, असे येथे गृहीत धरले आहे. ज्या गोष्टी वर्गात अर्ध्या तासात उरकल्या जातात आणि कामावर महिनोन्महिने छळतात, त्यांवरच येथे भर आहे.

शून्ये किती आणि कोणती

पहिले शून्य सरासरी समुद्रसपाटीचे. कामावर त्याला एमएसएल किंवा, ग्रेट ट्रिगनोमेट्रिकल सर्व्हेवरून, जीटीएस म्हणतात. सर्व्हे ऑफ इंडियाने एकोणिसाव्या शतकात देशभर लेव्हलिंगच्या रेषा धावत्या केल्या आणि १९०९ मध्ये त्यांचे एकत्र समायोजन करताना मुंबई, कराची, कारवार, मद्रास अशा नऊ बंदरांवरील सरासरी समुद्रपातळी शून्य धरली. दगडात कोरलेल्या जीटीएस बेंचमार्कच्या, म्हणजे उंची ठरवून दिलेल्या पक्क्या खुणांच्या, उंच्या त्या शून्यापासूनच्या आहेत. येथे नवख्याची एक हमखास गल्लत होते. हे शून्य १९०९ मध्येच गोठले, समुद्र मात्र गोठला नाही. अपोलो बंदरावर १८७८ पासून चालत आलेल्या नोंदींत समुद्राची पातळी वर्षाला मिलिमीटरच्या आसपास चढत आलेली दिसते. शिवाय खाडीत आत जावे तशी पाण्याची सरासरी पातळी स्वतःहूनच थोडी बदलते. म्हणून "जीटीएसची सरासरी समुद्रसपाटी" आणि "या जागी आज पाण्याची जी सरासरी पातळी आहे ती" या दोन वेगळ्या गोष्टी समजाव्यात आणि वहीतही वेगळ्या नावांनी लिहाव्यात. पुढचे सारे गणित याच भेदावर उभे आहे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या दुसऱ्या उच्च अचूकतेच्या लेव्हलिंगवर आधारलेला २००९ चा उंची डेटमही आता आला आहे. त्यामुळे बेंचमार्कची उंची मागवताना ती कोणत्या डेटमवरची आहे, हे त्याच पत्रात विचारून घ्यावे.

दुसरे शून्य चार्ट डेटमचे, म्हणजे सीडीचे. नाविकाला पाणी सरासरी किती आहे यात रस नसतो. कमीत कमी किती असेल, हे त्याला कळायला हवे असते. म्हणून हे शून्य इतके खाली धरतात की ओहोटीचे पाणी त्याच्या खाली सहसा जाऊ नये. आपल्या किनाऱ्यावर ही कल्पना जॉर्ज डार्विन यांनी मांडलेल्या पद्धतीतून आली. चंद्राच्या आणि सूर्याच्या अर्धदैनिक व दैनिक घटकांपैकी चार मोठ्या घटकांचे आयाम एकत्र करून ते सरासरी पातळीतून वजा करायचे, की उधाणाच्या नीचतम ओहोटीच्या जवळपासची पातळी मिळते. भरती-ओहोटीचे वार्षिक तक्ते, वर्तमानपत्रातील चौकट, बंदराचे नकाशे आणि गाळ उपसण्याच्या निविदा हे सारे या शून्यावर चालते.

तिसरे शून्य उपग्रहांचे. जीएनएसएस रोव्हर, म्हणजे उपग्रहांच्या संकेतांवरून जागा आणि उंची काढणारे फिरते यंत्र, मुळात जी उंची काढतो ती पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची असते. तिचा पाण्याशी काहीही संबंध नाही.

चौथा वर्ग स्थानिक शून्यांचा. मुलुंड-ऐरोली पुलाच्या पश्चिमेला पाऊल टाकले की मुंबई महापालिकेच्या जुन्या आराखड्यांत टाउन हॉल डेटम, म्हणजे टीएचडी, भेटतो. तो शहराच्या जमिनीच्या फार खाली धरलेला असल्यामुळे सखल जमिनीचेही आकडे पंचवीस मीटरांच्या वर जातात. बांधकाम परवानगीच्या बोलण्यात येणारे "ब्याण्णव टीएचडी" हे तर फुटांतले असते, म्हणजे सुमारे २८.०४ मीटर. खाडीकाठच्या आराखड्यावर असा आकडा दिसला तर ती टेकडी नव्हे, एवढे ओळखता आले तरी पुरे. नेमका फरक मात्र दोन्ही डेटमवर उंची माहीत असलेल्या खुणेवरूनच काढावा. आणि जुन्या कामांत टीबीएमची, म्हणजे कामापुरत्या बेंचमार्कची, "टीबीएम १०० धरला" अशी नोंद सापडली तर ते शून्य फक्त त्या कामापुरते होते, हे लक्षात ठेवावे.

अपोलो बंदराचे आकडे वाचायला शिका

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती-ओहोटी ते उधाण आणि अष्टमीच्या सुमाराची लहान भरती-ओहोटी तो भांग. अपोलो बंदरावर चार्ट डेटमपासून उधाणाच्या भरतीची सरासरी पातळी ४.४२ मीटर, भांगाच्या भरतीची ३.३०, सरासरी समुद्रपातळी २.५१, भांगाच्या ओहोटीची १.८६ आणि उधाणाच्या ओहोटीची ०.७६ मीटर आहे. प्रत्येकातून २.५१ वजा केले की सरासरी समुद्रपातळीपासूनचे आकडे मिळतात, ते अनुक्रमे +१.९१, +०.७९, ०, −०.६५ आणि −१.७५. वर्तमानपत्रातील ४.६ मीटरची भरती अशा रीतीने +२.०९ होते आणि कोपरखैरण्याच्या सचिवांचा जीव भांड्यात पडतो.

या आकड्यांकडे जरा निरखून पाहावे. उधाणाची भरती आणि ओहोटी यांचा मध्य ४.४२ अधिक ०.७६ भागिले दोन, म्हणजे २.५९ येतो, आणि भांगाचा मध्य २.५८ येतो. २.५१ कोठेही येत नाही. भरती-ओहोटीची लाट दोन्ही बाजूंनी सारखी नसते, म्हणून भरती आणि ओहोटीच्या टोकांचा मध्य म्हणजे सरासरी पातळी नव्हे. सरासरी पातळीसाठी तासातासाच्या, शक्य तर दहा-दहा मिनिटांच्या सर्व नोंदींची सरासरी काढावी लागते. दिवसाच्या दोन भरत्या आणि दोन ओहोट्या पाहून "एमएसएल काढला" असे सांगणारे भेटतात. त्यांचा सात-आठ सेंटिमीटरांचा हिशेब येथेच चुकलेला असतो.

कोळीवाड्यांत भरतीची वेळ काढण्याचा जुना आडाखा आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास भरती पूर्ण होणार. होडी काढायला हा आडाखा आजही पुरतो आणि मोजणीच्या दिवसाची आखणी करायलाही उपयोगी पडतो. त्यातून वेळ कळते, उंची कळत नाही, आणि खाडीत आत गेल्यावर वेळही मागे पडते.

पायरी पहिली : आकडा हाती येताच त्याचे शून्य विचारा

माझ्या उमेदीच्या काळात नवी मुंबईतील एका धारण तलावाच्या तोंडाशी झडपा बसवण्याचे काम आमच्याकडे होते. खाडी हटवून वसवलेल्या या शहराचा बराच भाग उधाणाच्या भरतीपेक्षा खाली आहे, म्हणून पावसाचे पाणी आधी धारण तलावांत साठते आणि ओहोटी लागून खाडीची पातळी उतरली की झडपा आपोआप उघडून ते बाहेर जाते. आराखडा करणाऱ्या कंपनीने झडपेच्या उंबऱ्याची पातळी +१.८६ अशी लिहिली होती, डेटमचे नाव मात्र कोठेही नव्हते. आम्ही आमच्या जीटीएसवरच्या टीबीएमवरून +१.८६ ची खुंटी ठोकली, तिला लाल रंग दिला आणि चहा प्यायला बसलो. जवळच जाळे विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळ्याने खुंटीकडे पाहून विचारले, की एवढ्या उंच उंबरा घातलात तर आतले पाणी बाहेर जायचे तरी कसे? त्याच्या हातात ना लेव्हल होती ना आराखडा. पण त्या भिंतीवर भांगाची सुकती कोठवर उतरते, हे दगडाच्या शेवाळावरून तो दाखवू शकत होता. १.८६ हा चार्ट डेटमवरचा, म्हणजे भांगाच्या ओहोटीचा आकडा होता आणि खुंटी अडीच मीटर वर ठोकली गेली होती. काँक्रीट ओतलेले नव्हते, एवढेच नशीब.

तेव्हापासून मी वहीत कोणताही उंचीचा आकडा चार गोष्टींशिवाय लिहू देत नाही. तो कोणत्या शून्यापासूनचा, कोणत्या एककात, वरची दिशा धन की ऋण, आणि कोणाकडून केव्हा आला. तिसरी गोष्ट अनेकांना क्षुल्लक वाटते. जमिनीवरचे लोक वरच्या दिशेला धन मानतात आणि जलमापन करणारे खोली खालच्या दिशेला धन लिहितात, म्हणून बंदराच्या नकाशातील साधा "३" हा आपल्या भाषेत सीडीपासून −३ असतो. त्याच नकाशात अंकाखाली रेघ असेल तर तो भाग ओहोटीला उघडा पडतो आणि आकडा सीडीच्या वरचा असतो. ठाणे खाडीच्या चिखलपट्ट्यांवर असे रेघांकित आकडे पुष्कळ दिसतात.

पायरी दुसरी : खुणेवर आंधळा विश्वास ठेवू नका

एका बेंचमार्कवरून सुरुवात करून त्याच बेंचमार्कवर बंद केलेली लेव्हलिंग फक्त तुमचा हात स्थिर आहे एवढेच सांगते, बेंचमार्क स्थिर आहे की नाही हे सांगत नाही. नवी मुंबईत ही शंका पुस्तकी नाही. मऊ सागरी चिकणमातीवर भराव घालून केलेल्या जमिनीवर पंधरा-वीस वर्षांपूर्वी बसवलेली खूण भरावासह खचलेली असू शकते, आणि तिची उंची कागदावर मात्र जुनीच राहते. म्हणून किमान दोन, शक्यतो तीन खुणा घ्याव्यात, आणि त्यांपैकी एक तरी खडकावर बसलेली असावी. पारसिकच्या डोंगराच्या बाजूची खूण मिळाली तर दोन किलोमीटर जास्त चालणे परवडते. खुणांमधला मोजलेला फरक आणि कागदावरचा फरक जुळला नाही, तर जी खूण भरावावर आहे तिच्यावर आधी संशय घ्यावा.

बंद होण्याच्या चुकीची मर्यादा खाडीच्या कामाला १२ गुणिले किलोमीटरमधील अंतराचे वर्गमूळ, इतके मिलिमीटर ठेवावी. २.२५ किलोमीटरच्या फेरीला १८ मिलिमीटर होतात. एकंदर गणितातील हा सर्वांत स्वस्त भाग आहे, म्हणून येथे हात आखडू नये. मागची आणि पुढची नजर सारख्या अंतराची ठेवणे आणि स्टाफ डांबरावर किंवा सैल मातीवर न टेकवणे, एवढे पाळले की ही मर्यादा गाठता येते.

पायरी तिसरी : टाइड पोल बसवा आणि त्याचे शून्य बांधून घ्या

टाइड पोल म्हणजे पाण्यात उभी केलेली, सेंटिमीटरच्या खुणांची पट्टी. तिची जागा निवडणे हे अर्धे काम आहे. ठाणे खाडीच्या वरच्या भागात ओहोटीला दोन्ही काठांचा चिखल उघडा पडतो. पोल काठाजवळ लावला तर ओहोटीच्या दोन-तीन तासांत तो कोरडा उभा राहतो, त्या तासांची नोंद होत नाही आणि निघालेली सरासरी वर सरकते. पुलाच्या खांबाला किंवा जेट्टीच्या टोकाला, जेथे मुख्य प्रवाहाचे पाणी नीचतम ओहोटीलाही टिकते तेथे पोल बांधावा, आणि पुलाचा खांब असेल तर परवानगी आधी घ्यावी. पट्टीच्या पायथ्याशी अडकलेली प्लास्टिकची पिशवीसुद्धा वाचन बिघडवते. ती रोज सकाळी काढावी लागते.

लाटेचा हिंदोळा असेल तर माथ्याचे आणि तळाचे वाचन घेऊन मध्य काढावा. त्याहून बरे म्हणजे पोलशेजारी खालच्या टोकाला लहान छिद्रे पाडलेला पीव्हीसी पाइप उभा करून त्यात पाणी शांत होऊ द्यावे. दाबावर चालणारे स्वयंचलित यंत्र लावले तरी पोल काढू नये, कारण यंत्राचे शून्य सरकले की ते पोलच्या वाचनावरूनच पकडता येते. घड्याळ भारतीय प्रमाणवेळेशी रोज जुळवावे. उधाणाच्या मध्यावर पाणी तासाला मीटरभर सहज चढते, तेव्हा पाच मिनिटांची चूक म्हणजे आठ सेंटिमीटरांची चूक.

पोल पक्का झाल्यावर त्याच्या शून्याची पातळी जवळच्या टीबीएमवरून लेव्हलने काढावी, आणि काम संपताना पुन्हा काढावी. पुढील उदाहरणात ती जीटीएसवर −२.७० मीटर आहे, असे धरू.

पायरी चौथी : चार्ट डेटम खाडीत आत कसा न्यायचा

बहुतेक चुका येथे होतात आणि त्यांचे मूळ एकच असते. २.५१ हा आकडा अपोलो बंदराचा आहे, तो वाशीचा, ऐरोलीचा किंवा कोलशेतचा नाही. खाडी आत निमुळती आणि उथळ होत जाते, त्यामुळे भरती-ओहोटीतील अंतर मुखापेक्षा आत वाढते. ठाण्याजवळ तर गुंता आणखी आहे, कारण ठाणे खाडी दक्षिणेला मुंबई बंदराला मिळते आणि उत्तरेला अरुंद वाटेने उल्हास नदीच्या खाडीला, जी वसईला समुद्राला भेटते. म्हणजे ठाण्याला पाणी दोन बाजूंनी चढते. भरती-ओहोटीतील अंतर बदलले की नीचतम ओहोटीही बदलते, आणि चार्ट डेटमची व्याख्याच ओहोटीवर उभी असल्यामुळे सरासरी पातळीपासूनचे त्याचे अंतरही बदलते.

बंदर प्राधिकरणाने किंवा जलालेखन कार्यालयाने त्या जागेचा चार्ट डेटम आधीच ठरवलेला असेल, तर तोच घ्यावा आणि स्वतःची हुशारी चालवू नये. तो नसेल तर तुलनेची रीत वापरावी. तीत तुमच्या पोलवर आणि अपोलो बंदरावर एकाच काळातील नोंदी घ्याव्या लागतात. एक पूर्ण उधाण आणि एक पूर्ण भांग आत यावे म्हणून किमान पंधरा दिवस घ्यावेत, महिना मिळाला तर उत्तम.

काल्पनिक आकड्यांनी ही रीत करून पाहू. महिनाभरात उधाणाच्या दिवसांतील भरती-ओहोटीचे सरासरी अंतर अपोलो बंदरावर ३.७० मीटर आणि आपल्या पोलवर ४.०० मीटर आले. ४.०० भागिले ३.७० म्हणजे १.०८१. अपोलो बंदरावर सीडी सरासरी पातळीच्या २.५१ खाली आहे. तेच प्रमाण धरले तर आपल्या जागी तो २.५१ गुणिले १.०८१, म्हणजे २.७१ मीटर खाली असायला हवा.

आता हे २.७१ कोठून खाली मोजायचे? आपल्या जागेच्या दीर्घकालीन सरासरी पातळीपासून. पण आपल्याकडे तर एकाच महिन्याच्या नोंदी आहेत, आणि पाण्याची सरासरी पातळी ऋतूप्रमाणे, वाऱ्याप्रमाणे आणि हवेच्या दाबाप्रमाणे महिन्यामहिन्याला बदलते. ही उणीव अपोलो बंदर भरून काढते. त्या महिन्यात तेथील सरासरी २.५६ आली, म्हणजे नेहमीपेक्षा ०.०५ वर. आपल्या जागीही समुद्र तेवढाच फुगला होता असे मानले, आणि पोलवरील महिन्याची सरासरी २.८४ होती, तर दीर्घकालीन सरासरी २.७९ ठरते. २.७९ मधून २.७१ वजा केले की चार्ट डेटम पोलच्या ०.०८ च्या खुणेवर येतो.

पोलचे शून्य जीटीएसवर −२.७० आहे. म्हणून चार्ट डेटम −२.६२ वर आला, आणि या जागेची खरी सरासरी पातळी, २.७९ उणे २.७०, म्हणजे जीटीएसच्या शून्याच्या +०.०९ वर आली. सुरुवातीला सांगितलेल्या दोन "सरासरी पातळ्या" येथे अलग झालेल्या दिसतात. चार्ट डेटम स्थानिक सरासरीच्या २.७१ खाली आहे, जीटीएसच्या शून्याच्या २.६२ खाली आहे, आणि अपोलो बंदराचा २.५१ या दोन्हींपैकी एकाशीही जुळत नाही. हे तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर एका उभ्या रेषेवर काढून ठेवावेत. सर्वांत वर पुलाचा टीबीएम, मध्ये स्थानिक सरासरी, तिच्याखाली जीटीएस शून्य, मग सीडी, आणि तळाशी पोलचे शून्य. मी आजही ही रेषा काढल्याशिवाय एकही रूपांतर करत नाही.

पायरी पाचवी : खोलीचे रूपांतर, दोन वाटांनी

होडीवरून इको साउंडरने, म्हणजे प्रतिध्वनीवरून खोली मोजणाऱ्या यंत्राने, पाण्याची खोली ४.२० मीटर आली. यंत्राचा तळ पाण्यात किती बुडाला आहे ते मिळवलेले आहे आणि आवाजाचा वेग त्या दिवशीच्या पाण्यावर तपासलेला आहे. त्याच क्षणी पोलवर ३.२३ वाचले गेले. सीडी ०.०८ वर असल्यामुळे पाणी सीडीच्या ३.१५ वर आहे. ४.२० उणे ३.१५ म्हणजे तळ सीडीच्या १.०५ खाली. जीटीएसवर −२.६२ उणे १.०५, म्हणजे −३.६७.

दुसऱ्या वाटेने पडताळा घ्यावा. पाण्याची पातळी जीटीएसवर −२.७० अधिक ३.२३, म्हणजे +०.५३. त्यातून ४.२० वजा केले की −३.६७. दोन वाटा एकाच जागी आल्या नाहीत तर त्या दिवसाचे काम पुढे पाठवू नये.

येथे कोणी २.५१ सरसकट वापरला असता तर तळ −३.५६ आला असता. अकरा सेंटिमीटर ऐकायला थोडे वाटतात, पण ५०,००० चौरस मीटरांच्या गाळउपशात त्यांचे ५,५०० घनमीटर होतात आणि बिलावरून भांडण लागते. पोलपासून होडी दोन-तीन किलोमीटरांवर गेली तर पाण्याच्या पृष्ठभागाचा उतारही हिशेबात धरावा लागतो, त्यासाठी दुसऱ्या टोकाला दुसरा पोल लावणे हाच सरळ उपाय आहे. खाडीच्या तळाला दाट द्रव चिखल असेल तर उच्च वारंवारतेचा ध्वनी चिखलाच्या माथ्यावरून परततो आणि कमी वारंवारतेचा आत घुसतो. यांपैकी कोणता तळ मोजायचा, हे निविदेत लिहून घेतल्याशिवाय होडी पाण्यात लोटू नये.

पायरी सहावी : रोव्हरचे उणे आकडे

पहिल्यांदा रोव्हर हातात घेतलेला मुलगा वाशीच्या जेट्टीवर कोरड्या जमिनीवर उभा असतो आणि पडद्यावर उंची −६१.३० दिसते. यंत्र बिघडलेले नसते. पृथ्वीचा समुद्रसपाटीला अनुसरणारा पृष्ठभाग, म्हणजे जिऑइड, भारतीय उपखंडाभोवती गणिती लंबगोलाच्या बराच खाली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला तो जगातील सर्वांत खोल, सुमारे १०६ मीटर खाली जातो, आणि मुंबईच्या परिसरात साठ ते सत्तर मीटरांच्या दरम्यान खाली असतो. लंबगोलीय उंचीतून जिऑइडची उंची वजा केली की समुद्रसपाटीपासूनची उंची मिळते. जिऑइड −६४.८० धरला तर −६१.३० उणे −६४.८०, म्हणजे +३.५०. येथे उणेतून उणे वजा होते, आणि घाईत बेरजेऐवजी वजाबाकी करून जमिनीला −१२६ वर नेणारे मी पाहिले आहेत.

जिऑइडची उंची प्रारूपातून येते. यंत्रात बहुधा ईजीएम २००८ हे जागतिक प्रारूप भरलेले असते, आणि सर्व्हे ऑफ इंडियाने देशासाठी स्वतःचे प्रारूपही काढले आहे. जागतिक प्रारूपाचे शून्य आणि आपल्या जीटीएसचे शून्य एकच असल्याची खात्री नसते, म्हणून रोव्हर किमान तीन ज्ञात खुणांवर लावून पाहावा. तिन्ही ठिकाणी तो कागदावरच्या उंचीपेक्षा ०.१२, ०.११ आणि ०.१३ जास्त दाखवत असेल, तर ०.१२ ची दुरुस्ती सर्वत्र लावावी, म्हणजे वरचे +३.५० हे +३.३८ होईल. तीनपैकी एक खूण ०.३० चा फरक दाखवत असेल तर सरासरी काढत बसू नये. ती खूण बहुधा खचलेली असते. दुरुस्ती फक्त त्या खुणांच्या मधल्या क्षेत्रात वापरावी, कळव्यात काढलेली दुरुस्ती उरणला नेऊ नये.

भरतीरेषा म्हणजे समोच्चरेषा नव्हे

खाडीकाठच्या जमीनमालकाचा पहिला प्रश्न सीआरझेडचा, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचा असतो, आणि "उधाणाच्या भरतीची +१.९१ ची समोच्चरेषा काढून द्या" अशी मागणी होते. ती देऊ नये. किनारा नियमनासाठीची भरतीरेषा अधिसूचनेप्रमाणे प्राधिकृत संस्था ठरवते. २०१९ च्या अधिसूचनेसाठी हे काम चेन्नईच्या राष्ट्रीय शाश्वत किनारा व्यवस्थापन केंद्राकडे आहे. मोजणीदाराचे काम मंजूर नकाशातील रेषा जागेवर उतरवून देणे एवढेच आहे. आपण काढलेल्या पातळ्या तिच्याशी जुळल्या नाहीत तरी तिची जागा त्या घेत नाहीत.

पायरी सातवी : नकाशावरची टीप

नकाशाच्या कोपऱ्यात बहुतेक जण "सर्व पातळ्या मीटरमध्ये" एवढेच लिहून थांबतात. वरच्या उदाहरणाच्या कामाची टीप अशी असायला हवी : "सर्व पातळ्या मीटरमध्ये, जीटीएस सरासरी समुद्रसपाटीपासून (१९०९ चे समायोजन), वरची दिशा धन. आधार तीन बेंचमार्कचा, त्यांपैकी एक खडकावर. या जागी चार्ट डेटम जीटीएसच्या २.६२ मीटर खाली, अपोलो बंदराशी एक महिन्याच्या समकालीन तुलनेवरून काढलेला. स्थानिक सरासरी पातळी जीटीएसच्या ०.०९ मीटर वर. रोव्हरच्या उंच्यांना −०.१२ मीटरची स्थानिक दुरुस्ती लावली आहे." पाच वाक्यांची ही टीप लिहायला दहा मिनिटे लागतात. तिच्यासोबत पोलच्या मूळ वाचनांची वही, खुणांची छायाचित्रे आणि उभ्या रेषेचा तो कच्चा आलेखही कार्यालयात जपून ठेवावा. पाच वर्षांनी दुसऱ्याच कोणीतरी त्याच पुलाखाली पोल बांधला आणि त्याचा आकडा तुमच्यापेक्षा चार सेंटिमीटरांनी वेगळा आला, तर खूण खचली, पोल सरकला की खाडी बदलली, हे त्याला त्या वहीतूनच काढता येईल.